हळू गायलं की पोक्त झालं?

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत डब्लिनच्या फॉन्टेन्स डी. सी. या बँडच्या ‘रोमान्स’ अल्बमवर अर्धं पान लेख आला. क्रिकेट आणि ओटीटीच्या गर्दीत असल्या बँडला एवढी जागा मिळाली, याबद्दल आधी आभार मानतो. भांडण पुढे आहे.

लेखाचा एकूण सूर असा, की पोरं सुधारली. २०१९ च्या ‘डॉग्रेल’मधला आरडाओरडा गेला, आता व्हायोलिनं आली, चाली सावकाश झाल्या, सबब बँड परिपक्व झाला. लग्न झाल्यावर मुलगा मार्गाला लागला म्हणतात, तसलंच हे सर्टिफिकेट. अल्बम मलाही आवडला. ‘इन द मॉडर्न वर्ल्ड’मधली तंतुवाद्यं सुंदरच आहेत. पण त्याच अल्बममधलं ‘स्टारबर्स्टर’ लेखकाने ऐकलं की नाही? गायक ग्रिअन चॅटनला लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनवर पॅनिक अटॅक आला होता, त्यावरचं ते गाणं. ओळ संपते आणि तो घशातून असा श्वास ओढतो, की बुडता माणूस पाण्यावर आला असं वाटावं. पहिल्या अल्बममध्ये इतकं अंगावर येणारं काही नाही. उलट त्या ‘रासवट’ पहिल्या अल्बमच्या शेवटी ‘डब्लिन सिटी स्काय’ आहे. रात्री उशिरा पबमध्ये कोपऱ्यात बसून कुणी म्हणावं तसं सावकाश, हळवं गाणं. म्हणजे हळू गाणं पहिल्यापासून होतं आणि ओरडणं अजूनही आहे. मग सुधारलं ते काय?

मी जन्मभर बोटीवर रेडिओ ऑफिसर होतो. खलाशी आम्हाला ‘मार्कोनी साब’ म्हणायचे. १ फेब्रुवारी १९९९ ला जहाजांवरचा मोर्स, म्हणजे टिकटिक करून संदेश पाठवण्याची तारभाषा, कायमचा बंद झाला आणि आमची जातच संपली, ते सोडा. सांगायचा मुद्दा एवढाच, की माझी नोकरी कानाची होती आणि बंदरात बोट लागली की पगार रेकॉर्डवर उडायचा. लंडनजवळच्या टिलबरी बंदरात माल उतरेपर्यंत दिवस मोकळे मिळायचे. तेव्हा लंडनमध्ये सेकंड-हँड रेकॉर्डच्या दुकानांत मी तासन्‌तास उभा राहायचो. तिथेच मला वायर हा इंग्लंडचा पंक बँड सापडला. (पंक म्हणजे सत्तरच्या दशकातला आखूड, थेट, कच्च्या आवाजाचा रॉक.) आपल्या लेखाला माझं उत्तर या बँडच्या पहिल्या तीन अल्बममध्ये आहे, कारण ‘पंकवाले मोठे झाले’ ही गोष्ट सांगताना सगळे समीक्षक याच बँडपासून सुरुवात करतात. आणि मला वाटतं, चुकीची सांगतात.

‘पिंक फ्लॅग’ आला नोव्हेंबर १९७७ ला. एकवीस गाणी, वेळ साधारण पस्तीस मिनिटं. त्यातलं ‘फील्ड डे फॉर द संडेज’ अठ्ठावीस सेकंदांत आटोपतं, आणि ते आहे रविवारच्या वर्तमानपत्रांवर, त्यांच्या लफडी छापण्याच्या हौसेवर. (आपली पुरवणी तशी नाही, हे मान्य.) गाणी एवढी छोटी का, याचं उत्तर बँडच्या मंडळींनी पुढे सरळ दिलं आहे: शब्द संपले की गाणं संपायचं. मधे सोलो नाही, शेवटी तेच धृपद चार वेळा घोळवणं नाही. कव्हरवर मोकळं आभाळ, एक खांब आणि गुलाबी झेंडा, बस्स.

आता हा पंक म्हणजे टवाळ पोरांचा गोंगाट, अशी समजूत असेल तर पहिल्या बाजूचं पहिलं गाणं लावून बघा. त्याचं नाव ‘रॉयटर्स’. तीन मिनिटांचं आणि चक्क संथ. कोसळत चाललेल्या कुठल्याशा शहरातून एक बातमीदार तार पाठवतो आहे. बातमी ओळीगणिक वाईट होत जाते आणि गिटार एकाच जड पावलाने मागून चालत राहते. मला हे गाणं पहिल्यांदा ऐकताना हसूच आलं, कारण रात्रपाळीत मोर्समधून येणाऱ्या बातम्या उतरवून, टाइप करून सकाळी मेसमध्ये लावणं हे माझं रोजचं काम. तारेची भाषा कशी असते ते मला ठाऊक. विशेषणाला पैसे पडतात, म्हणून ते गाळायचं. माणसं मेली तरी वाक्य तेवढंच. वायरला ती भाषा पहिल्याच अल्बममध्ये येत होती. त्यात अपरिपक्व काय होतं, ते मला कुणी दाखवून द्यावं.

आणखी एक. ‘वयाबरोबर आलेली समज’ वगैरे जे आपल्या लेखात आहे, त्याचंही इथे जमत नाही. वायरचा गिटारवाला ब्रूस गिल्बर्ट १९४६ चा. ‘पिंक फ्लॅग’ निघाला तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता, चित्रं काढायचा आणि वॉटफर्डच्या कॉलेजात तंत्रज्ञ म्हणून नोकरी करायचा. कॉलिन न्यूमन त्याच भागातल्या आर्ट स्कूलचा विद्यार्थी. बेसवाला ग्रॅहॅम लुईस फॅशन शिकलेला. ड्रमर रॉबर्ट गोटुबेड आधी दुसऱ्या एका बँडात गायचा, ड्रम तो नव्यानेच शिकत होता आणि म्हणून गरजेपेक्षा एक ठोका जास्त वाजवत नव्हता. ही मंडळी अडाणीपणातून शहाणपणाकडे निघालेली नव्हती. काय गाळायचं हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं.

वर्षभरात ‘चेअर्स मिसिंग’ आला, १९७८ ला. कव्हरवर पडदा, टेबल, फुलदाणी, खुर्च्या नाहीत. इथे सिंथेसायझर आला, बासरी आली, आणि झालं, समीक्षकांनी ‘प्रगल्भ’चा शिक्का उचलला. पण जरा जवळून ऐका. ‘हार्टबीट’ घ्या. गिटारची एकच तार, तळव्याने दाबून धरलेली, टिक टिक करत सुरू होते. न्यूमन जवळजवळ कानात बोलतो. आवाज थोडा थोडा वाढत जातो. आता फुटेल, आता ड्रम धडाधडा येतील, असं तीन मिनिटं वाटत राहतं आणि ते फुटतच नाही. तिथे मला आमच्या रेडिओ रूममधलं घड्याळ आठवतं. त्याच्या तबकडीवर लाल रंगाच्या दोन पाचरी असत: दर तासाला पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस मिनिटं. त्या तीन मिनिटांत पाचशे किलोहर्ट्झवर जगातल्या एकाही बोटीने संदेश पाठवायचा नाही. फक्त ऐकायचं, कुणी बुडत तर नाही ना. एरवी त्या फ्रिक्वेन्सीवर मासळी बाजार. लाल पाचर आली की सगळं चिडीचूप, आणि हेडफोनमध्ये नुसती खरखर. ती शांतता आरामाची नसे. ‘हार्टबीट’ची शांतता त्या जातीची आहे. तिला ‘मवाळ’ म्हणणारा माणूस ड्यूटीवर झोपलेला समजावा.

त्याच अल्बमवर ‘आउटडोअर मायनर’ आहे, पावणेदोन मिनिटांचं. विषय काय, तर पानाच्या आत बोगदा खणत जाणारी अळी. आमच्याकडे टोमॅटोच्या पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसतात ना, तीच. चाल मात्र इतकी गोड, की विषय कळला तरी गुणगुणणं थांबत नाही. कंपनीला, म्हणजे ईएमआयला, हे सिंगल म्हणून चालेल असं वाटलं, पण एवढं आखूड गाणं रेडिओवर कसं वाजायचं? म्हणून मधे पियानोचा तुकडा घालून ते तीन मिनिटांच्या आसपास नेलं. तो पियानो त्यांचा निर्माता, म्हणजे स्टुडिओत आवाज घडवणारा माणूस, माइक थॉर्न याने वाजवला. १९७९ च्या सुरुवातीला ते ब्रिटिश यादीत एक्कावन्नाव्या जागेपर्यंत चढलं आणि तिथेच राहिलं. लांबवलेलं गाणं वाईट नाही. पण अल्बमवरचं ऐकून मग ते ऐकलं, की कुठे भर घातली ते बोट ठेवून दाखवता येतं. ‘मोठं’ करणं म्हणतात ते हे, आणि ते बँडचं नव्हे, बाजाराचं काम होतं.

थॉर्नचं नाव आलं म्हणून इथे थोडं थांबतो, कारण आपल्या लेखात निर्मात्याचं नावच नाही. हा माणूस ऑक्सफर्डला भौतिकशास्त्र शिकलेला, पुढे ध्वनिमुद्रणावरच्या एका मासिकाचा संपादक होता. लंडनच्या रॉक्सी क्लबात पंक बँडांचं मुद्रण त्याने १९७७ ला केलं, तिथे त्याला वायर भेटले. तिन्ही अल्बम त्याचेच. पुढे १९८१ मध्ये सॉफ्ट सेलचं ‘टेन्टेड लव्ह’ त्यानेच केलं, ते तर आपल्याकडेही लग्नाच्या डीजेंनी वाजवलं असेल. ‘चेअर्स मिसिंग’चा आवाज बदलला त्यात निम्मा वाटा या माणसाच्या हातातल्या यंत्रांचा होता. आता ‘रोमान्स’कडे या. फॉन्टेन्स डी. सी. चे पहिले तीनही अल्बम डॅन कॅरीने केले. चौथ्याला त्यांनी जेम्स फोर्डला घेतलं आणि लेबलही बदललं, एक्सएलकडे गेले. आवाजात जो फरक लेखकाला ऐकू आला, त्यातला बराचसा इथून आला असणार. तो पोरांच्या मनाच्या वाढीच्या खात्यावर टाकणं म्हणजे आचारी बदलला हे न सांगता पाहुण्यांची जीभ सुधारली म्हणण्यासारखं आहे.

तिसरा अल्बम ‘१५४’, सप्टेंबर १९७९. तोपर्यंत झालेल्या कार्यक्रमांची संख्या हेच नाव. माझी प्रत सेकंड-हँड, पहिल्या खेपेच्या प्रतींबरोबर मिळणारी जादाची छोटी तबकडी (ईपी) आधीच्या मालकाने ढापलेली. मालवणच्या चार महिन्यांच्या पावसात कव्हरला बुरशी आली, पण तबकडी शाबूत आहे. मला विचाराल तर तिघांत हा सर्वांत मोठा अल्बम, आणि सर्वांत कमी शांत. वरवर बघितलं तर लेखकाला हवं ते सगळं इथे आहे. ‘अ म्यूच्युअल फ्रेंड’मध्ये कॉर अँग्ले वाजतं, ओबोचं जरा खालच्या पट्टीतलं भावंड. ‘अ टचिंग डिस्प्ले’ जवळजवळ सात मिनिटांचं, त्यात टिम साउस्टरचा इलेक्ट्रिक व्हायोला. व्हायोला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातला हळवा प्रसंग येतो. इथे तो लोखंडी दार फरशीवरून ओढावं तसा येतो, आणि एकदा आला की जात नाही. मी हे गाणं घरी मोठ्याने लावलं की आमची ही स्वयंपाकघरातून विचारते, “मिक्सर चालू राहिला काय?” तंतुवाद्य आलं म्हणजे गोडवा आला असं समजणाऱ्याने एवढं एक गाणं शेवटपर्यंत ऐकावं.

आणि तिथेच, दुसऱ्या बाजूला, ‘मॅप रेफ ४१° उ. ९३° प.’ आहे. माझं लाडकं. विमानातून खाली अमेरिकेच्या मधल्या सपाट मुलखाकडे बघताना लुईसला सुचलेलं हे गाणं. शेतांचे चौकोन, सरळ रस्ते, जमिनीवर कुणी फूटपट्टीने मारल्यासारख्या रेघा. बोटीवर रोज दुपारी सेकंड मेट, म्हणजे नकाशे सांभाळणारा अधिकारी, बोटीची जागा अक्षांश-रेखांशात काढायचा आणि ती संदेशात घालायला माझ्याकडे यायची, त्यामुळे असा आकडा दिसला की हात आपोआप नकाशाकडे जातो. मी चार्टरूममध्ये जाऊन बघितलं, आयोवा राज्य! चारी बाजूंना समुद्राचा मागमूस नाही. सेकंड मेट म्हणाला, “मार्कोनी साब, यहाँ जहाज कैसे जाएगा?” गाण्यात धृपद येण्याआधी ‘कोरस’ असं चक्क बोलून सांगितलं आहे आणि मग जे धृपद येतं ते इतकं खुलं, मोकळं, सुरेल, की तीन वर्षं या लोकांनी ते कुठे लपवून ठेवलं होतं असा प्रश्न पडावा. चेष्टाही आहे आणि मनापासूनही आहे. शब्द मात्र अजून तारेसारखेच, मोजून.

लेखकाच्या हिशेबाने आता पुढचं पाऊल म्हणजे मोठा ऑर्केस्ट्रा, मोठं यश, सन्मानाने म्हातारपण. प्रत्यक्षात काय झालं? ‘१५४’च्या मुद्रणातच दोन तट पडले. गिल्बर्ट आणि लुईस यांना आवाजाचे प्रयोग हवे होते, न्यूमन आणि थॉर्न यांना गाणी. कंपनीशी बिनसलं. २९ फेब्रुवारी १९८० ला लंडनच्या इलेक्ट्रिक बॉलरूममध्ये त्यांनी असा कार्यक्रम केला, की डोक्यावर वर्तमानपत्रांची शिरस्त्राणं घातलेली माणसं मंचावर ठोकाठोक करत आहेत आणि खाली जुनी गाणी ऐकायला आलेलं पब्लिक बोंबलतंय. त्याचं मुद्रण पुढच्या वर्षी अल्बम म्हणून निघालं, बोंबलण्यासकट. मग बँड काही वर्षं बंद. १९८५ ला परत आले ते जुनं एकही गाणं न वाजवण्याच्या अटीवर. १९८७ च्या अमेरिकेच्या दौऱ्यात लोकांना ‘पिंक फ्लॅग’ ऐकायचाच होता, तर त्यांनी दुसराच एक बँड सोबत घेतला. तो आधी अख्खा ‘पिंक फ्लॅग’ वाजवायचा, मग वायर येऊन स्वतःचं नवं वाजवायचे. असला तोडगा आपल्याकडच्या कुठल्या बुजुर्गाला सुचला असता?

शेवटचा पुरावा २००३ चा. तेव्हा गिल्बर्ट छप्पन्न-सत्तावन्न वर्षांचा, बाकीचे पन्नाशीच्या आगेमागे. अल्बम ‘सेंड’. या बँडने काढलेला सर्वांत कर्कश, सर्वांत धसमुसळा अल्बम. गिटार करवतीसारखे आणि ठेका दारावर लाथा मारल्यासारखा. मोठेपण म्हणजे आवाज खाली येणं, असा हिशेब असेल तर हे लोक उलटे वाढले म्हणायचे.

ही मोजपट्टी आपल्याकडे का रुजली आहे, त्याचा अंदाज मला आहे. माझे वडील बैठकींचे शौकीन. विलंबित ख्याल नीट मांडला तो पक्का गवई, बाकी चटपटीत गाणारे, अशी त्यांची वाटणी. तीच आपण नकळत परक्या गाण्यालाही लावतो. पण त्याच वडिलांच्या मित्रमंडळींत कुमार गंधर्वांवरून भांडणं व्हायची. कुमार विलंबितात रमत नाहीत, मध्यलयीत गातात, आटोपशीर गातात, ही टीका तेव्हा सर्रास होती. आज कुणाची हिंमत आहे कुमारांना अपरिपक्व म्हणायची? वडील मात्र शेवटपर्यंत बधले नाहीत, हेही सांगून टाकतो.

तेव्हा माझी मागणी छोटी आहे. पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा गाण्यांची लांबी द्या, निर्माता कोण ते द्या, कुठलं वाद्य कुठल्या गाण्यात कुणी वाजवलं ते द्या, आणि आधीच्या अल्बमवर काय होतं ते पुन्हा ऐकून मग लिहा. चौकटीत मावतं एवढं. ‘परिपक्व’, ‘प्रगल्भ’ वगैरे वाचकाला स्वतः ठरवू द्या.

पत्र लांबलं आहे. कापायचं झालं तर माझ्या वडिलांचा परिच्छेद कापा, ‘हार्टबीट’चा राहू द्या.

आपला,
एक निवृत्त रेडिओ ऑफिसर,
मालवण

ता. क. त्याच लेखात ‘स्किन्टी फिया’ हा बँडचा दुसरा अल्बम म्हटला आहे. तो तिसरा, २०२२ चा. दुसरा ‘अ हीरोज डेथ’, २०२०. दुरुस्ती छापावी.